पोटातली वाकळ

पहाटे ५.४०

मावशींना उठून तास झालाय. न्हाणीपुढच्या चुलीवर पाणी तापतंय. ओटा झाडून, ओल्या फडक्यानं पुसून झालाय आणि तो वाळेपर्यंत त्या पायरीवर चहा पीत बसल्यात. ओटा सिमेंटचा, दहा फूट बाय बारा, वर पत्रा. कामाची जागा एवढीच.

"खाली वल असली की वाकळ वल धरती," त्या म्हणतात आणि माझ्यासाठी बशीत चहा ओततात.

कराडच्या कडेची ही वस्ती. दिवाळी होऊन पंधरा दिवस झालेत, कारखान्यांचा हंगाम सुरू झालाय. रस्त्यावरनं उसाच्या ट्रॉल्या रात्रभर चालल्यात. एकीवर तोडीवाल्यांचा संसार लादलेला आहे. सर्वात वर तीन वाकळा, दोरीनं करकचून बांधलेल्या. मावशी मान वळवून ट्रॉली नजरेआड होईपर्यंत बघतात. ट्रॅक्टरकडे त्यांचं लक्ष नसतं. वाकळांकडे असतं.

माझ्याजवळ एक पिशवी आहे. तिच्यात आमच्या घरातली वाकळ. पुण्यात हिला गोधडी म्हणतात. दुकानांत ती गोधडी झाली तेव्हापासून महागलीही आहे. पाटण-कराडला वाकळच. कृष्णेच्या काठानं खाली कर्नाटकात उतरलं की हीच कौदी.

"तुमची मागनं," मावशी म्हणतात. "आदी ही संपवायची."

सकाळी ६.२०

आधीची वाकळ ओट्यावर पसरली जाते. चार कोपऱ्यांवर चार वजनं: वरवंटा, दोन विटा आणि जुना दगडी खल. कडा संपल्यात, आता मधला भाग उरलाय, परातीएवढा.

हत्यारं प्लास्टिकच्या डब्यात. वाकळेची सुई चार बोटं लांब, नेढं मोठं. सुताचा जाड दोरा. मेणबत्तीचं बुटूक, दोऱ्यावरनं फिरवायला. दाढीचं अर्धं ब्लेड. बाजारातनं दीडशेला घेतलेला तयार चष्मा, एका काडीला दोरा गुंडाळलेला. अंगुस्तान नाही. मधल्या बोटावर सायकलच्या ट्यूबची पट्टी चढवलेली असते. सुई मागून रेटायची तर लोखंडी टोपी घसरते, रबर घसरत नाही.

डबल दोरा, गाठ, आणि सुरू. डावा हात वाकळेच्या खाली, उजवा वर. सुई वरनं घातली की खालचं बोट तिचं टोक चाचपतं आणि परत वर ढकलतं. चार टाके सुईवर भरायचे, मग एकदम ओढायचं. दोरा बाहेर येताना खर्रर्र असा आवाज होतो. डाव्या हाताच्या तर्जनीचं टोक काळं आणि टणक झालंय. मी हात लावून बघितलं. वाळलेल्या खोबऱ्यासारखं लागतं.

सकाळी ८.१५

मधोमध तळहाताएवढी जागा राहिली. मावशी थांबतात. सून आतनं एक पुडी आणते, गिऱ्हाइकानंच दिलेली. पुडीतले शाळूचे चार दाणे मावशी दोन थरांच्या मध्ये सरकवतात आणि त्यांच्यावरनं शेवटचे टाके घालतात.

"पोट भरल्याबिगर वाकळ द्यायची न्हाई. उपाशी वाकळ माणसाला झोपू देत न्हाई."

दाणे गिऱ्हाइकाच्या घरचे लागतात. मावशी आपल्या डब्यातले घालत नाहीत. त्यांच्या सासूनं सांगितलेलं, तेवढंच कारण त्यांना पुरतं.

सकाळी ९.००

गिऱ्हाईक आलं. शेजारच्या गावची बाई, मुलगा गाडीवर घेऊन आलाय. हजार रुपये ठरलेले. बाई नऊशे काढते आणि वाकळ उलटीपालटी करत एक ओळ वाकडी असल्याचं दाखवते. ओळ खरंच वाकडी आहे.

"वाकडीच हाय," मावशी म्हणतात. "तिथं तुमच्या मालकाच्या धोतराची शिवण आली. सुई कडंनं न्यावी लागली."

बाई आणखी शंभर काढते.

ती गेल्यावर मी हिशेब विचारते. दोरा दीडशेचा, तो मावशींचा. उरले साडेआठशे. तीन दिवसांचं काम, म्हणजे दिवसाला दोनशे ऐंशीच्या आसपास. भांगलणीला बाईला तीनशे मिळतात. मग भांगलणीला का नाही जात? मावशी लुगडं थोडं वर करून गुडघा दाखवतात. सुजलेला आहे. "शेतात वाकाय येत न्हाई. हितं सावलीला बसून तरी हुतंय."

भाकरी, मेथीची भाजी, लसणाची चटणी. दहा मिनिटांत जेवण आटोपतं. हात मात्र दोनदा धुतात. तेलाचा हात कापडाला लागता कामा नये.

सकाळी १०.००

आता आमची.

आजीची वाकळ. वर तिचं इरकली लुगडं. हिरवं होतं म्हणतात, आता ते हिरवंही नाही आणि करडंही नाही. काठाचा लाल तेवढा टिकलाय. खालच्या बाजूला धोतर, जागोजाग ठिगळं. एका कडेला वीतभर फाटलेली, आतलं कापड लोंबतंय. माझं म्हणणं साधं होतं: फाटलेलं तेवढं सांधून द्या, बाकी आहे तसं राहू दे. भिंतीवर लावायचा विचारही मनात होता, पण तो मी बोलून दाखवला नाही.

मावशी वाकळ उचलून हातावर तोलतात. मग दोन्ही हातांनी चोळतात, पीठ मळतात तशी.

"हिच्या पोटात आनि एक वाकळ हाय."

मला माहीत नव्हतं. माझ्या घरात कुणालाच माहीत नसावं.

अर्ध्या ब्लेडनं एक कोपरा उसवला जातो. टाके कापताना ब्लेड आडवं धरायचं, उभं धरलं तर कापड कापतं. कापलेले दोरे मावशी एकेक करून ओढतात आणि पत्र्याच्या डबीत टाकतात, उशीत भरायला. अर्ध्या तासात हातभर कड मोकळी होते. लुगड्याखाली मांजरपाट, दोन तुकडे जोडलेले. एका तुकड्यावर निळ्या शाईचा शिक्का, अर्धाच. नीट बघितलं तर 'मिल' एवढी अक्षरं लागतात. पुढचं शिवणीत गेलंय. त्याखाली खाकी, शाळेच्या चड्डीचं, खिशासकट. खिसा रिकामा होता, मी बघितलं.

आणि त्याखाली दुसरी वाकळ. लहान, जुनी, तिचे तिचे टाके असलेली.

आजोबा मुंबईला गिरणीत होते. दिवाळीला गावी येताना गिरणीचं कापड आणायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यानंतर आजोबा गावी आले ते परत गेले नाहीत. म्हणजे हा मांजरपाट त्याआधीचा. त्यानंतर आमच्याकडे कापड विकतच आणलं जायचं.

सकाळी १०.५०

मावशी आतल्या वाकळेवर वाकतात, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"हितं जळलंय."

रुपयाएवढं भोक, कडा तपकिरी. त्याच्यावर लाल खणाचं तिकोनी ठिगळ. खणाचा रंग अजून उजेडात चमकतो, कारण उजेड त्याला फारसा लागलाच नाही.

हे भोक मला ऐकून माहीत आहे. कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून वीस मिनिटांच्या सुमाराला. आमचं गाव पाटण तालुक्यात. घराची मागची भिंत पडली. नऊ माणसं खळ्यात झोपली, त्या रात्री आणि पुढच्या कितीतरी. डिसेंबरची थंडी, तीन वाकळा. वडील तेव्हा आठ वर्षांचे. शेकोटीत काटकी खुपसायचा नाद, ठिणगी उडाली, वाकळ जळली आणि त्यांनी मार खाल्ला. भूकंपाची गोष्ट सांगताना ते भिंतीबद्दल कमी आणि त्या माराबद्दल जास्त बोलायचे. पण जळलेली वाकळ कुठं गेली हे कधी कुणी विचारलं नाही. ती पोटात गेली होती.

म्हणजे वरचे थर १९६७ नंतरचे आणि १९८२ च्या आधीचे. कापडावर तारीख नसते, पण अशी लावता येते.

मावशींचं लक्ष भोकाकडं नाही, टाक्यांकडं आहे. बोट ओळीवरनं फिरतंय.

"ह्यो हात येगळा हाय. वरचा हात तुमच्या आजीचा. ह्यो दुसरीचा. आनि ही डावरी हुती."

"कशावरून?"

"फेरी उलटी फिरलीया. ह्या बघा गाठी. दोरा संपून नवा घेतला की गाठ पडती. आपल्या गाठी हिकडनं तिकडं जात्यात. हिच्या तिकडनं हिकडं."

मी आत्याला फोन लावते. आत्या ऐंशीच्या पुढची, कानाला कमी ऐकते, दोनदा सांगावं लागतं. मग म्हणते, "आमची आजी डावरी होती की. डाव्या हातानं भाकरी थापायची म्हणून तिला सासूनं जेवण बनवू दिलं नाही वर्षभर. शिवायला बसवायचे." जरा थांबून विचारते, "तुला कुणी सांगितलं?"

पणजीचा फोटो आमच्याकडे नाही. नावही मला आत्यानं आजच सांगितलं.

सकाळी ११.३०

इथं आमचं जुंपतं. मला इरकली वर हवी. मावशी म्हणतात आत घाला.

"वर ठेवलं तर दोन हिवाळं. चिंध्या हुतील. आत गेलं की टिकलं."

मग दिसणार कसं?

"दिसायला फोटू काढा."

मी मधला मार्ग काढते: वरच्या कापडाला एक खिडकी ठेवू, तळहाताएवढी, त्यातनं काठ दिसेल. मावशी मान हलवतात. खिडकी ठेवली की तिच्या कडेनंच फाटणार. पायाचा अंगठा तिथंच अडकणार. त्यांनी असल्या दोन खिडक्या केल्यात, दोन्ही परत आल्या.

त्यांचं बरोबर होतं, आणि ते पटायला मला पंधरा मिनिटं लागली. भिंतीचं मग मी बोललेच. त्यावर त्या काही म्हणाल्या नाहीत. ब्लेड डब्यात ठेवलं आणि पाणी प्यायला उठल्या.

आईच्या पाच साड्या आणल्या होत्या. मावशी एकेक हातात घेऊन चुरगाळतात. तीन बाजूला टाकल्या. "ह्ये नगं. ह्ये घाम शोषत न्हाई. टाका घातला की सरकतंय." आता निम्म्या घरांतनं असंच कापड येतं, सुती साडी नेसतंय कोण? राहिलेल्या दोन सुती. निळी वर, बदामी खाली. बदामी साडी आई शाळेत शिकवायला जाताना नेसायची. पदराच्या टोकाला शाईचा डाग आहे. मावशी विचारतात, कापून टाकू? नको म्हटलं.

दुपारी १२.४०

सून शाळेतनं पोरीला आणायला गेलीय. मी आणि मावशी थर लावतो. बदामी खाली. तिच्यावर जुनी वाकळ, फाटलेली कड सांधून, उसवलेला कोपरा मिटवून. वर निळी. दोघींनी दोन टोकं धरून ताणायची, सोडायची, हातानं सारखं करायचं. एक सुरकुती आत राहिली तर ती अंगाला रोज रात्री टोचते. मावशी उघड्या तळव्यानं मधून कडेकडे निपटत जातात. मग कच्चे टाके, लांब लांब, उभे आडवे. हे शेवटी काढून टाकायचे.

मला गुडघ्यावर बसवत नाही. तासाभरात तिसऱ्यांदा उठते. मावशी हसतात, पण बोलत नाहीत.

दुपारी २.१०

कडेची पहिली फेरी. इथं आठ-नऊ थर आहेत, सुईवर चारऐवजी तीनच टाके बसतात. मांजरपाटाच्या जोडावर सुई अडते. मावशी रेटतात. टक्. सुई मोडली.

शिवण थांबते. मागचा तुकडा हातात आहे, टोक आत. मावशी डब्यातनं एक गोल लोहचुंबक काढतात, जुन्या स्पीकरचं, आणि ओटाभर हळूहळू वाकळेवरनं फिरवतात. एका जागी कापड किंचित वर उचललं जातं. दोन टाके उसवून टोक बाहेर काढलं. दोन्ही तुकडे जोडून बघितले, पुरे होते. मगच नवी सुई.

"पोरं झोपत्यात हिच्यावर."

या महिन्यातली तिसरी सुई. जुन्या वाकळा आल्या की सुया जास्त जातात, त्याचे पैसे मावशी वेगळे लावत नाहीत.

दुपारी ३.३०

चहा. नात शाळेतनं आलीय, सहावीत आहे. ती सुईत दोरे ओवून ठेवते, एका वेळी दहा सुया, ओळीनं उशीला टोचून. मावशींचा एवढा वेळ वाचतो. त्याबद्दल नातीला रोज पाच रुपये.

पुण्याहून एक बाई येतात, वर्षातनं दोनदा. दहा-दहा वाकळा नेतात, हजाराला एक. कापड त्यांचं, चौकोन आधीच कापून आणलेले, सगळे नवे. मावशींना ते काम सोपं जातं. शिवण आडवी येत नाही, डाग नाही, कुणाची साडी कुठं घालायची याची भांडणं नाहीत. मी फोनवर बघितलं होतं, तशी वाकळ साडेपाच हजारांना आहे. सांगावं की नको या विचारात होते.

"साडेपाच हजार," मावशीच म्हणतात. "नातीनं दावलं."

मग?

"मग काय. पुढच्या खेपेला बाराशे म्हननार हाय."

खालच्या चौकात मशीनवर वाकळ शिवून मिळते, अडीचशेत, त्याच दिवशी. मावशींना तिचा राग नाही. त्यांच्या सुनेनं स्वतःच्या माहेरची एक तिथंच शिवून घेतली. "बाळाच्या दुपट्याला बरी. पांघराय कडक लागती. मशीनचा टाका गच्च बसतो, कापड हालत न्हाई, आनि कापड हाललं न्हाई की फाटतं."

संध्याकाळी ४.४५

मी टाके मोजते. एका वितेत पंधरा. दोन ओळींमध्ये बोटभर अंतर. वाकळ सहा फूट बाय चार फूट, फेरी बाहेरनं आत, अशा तीसेक फेऱ्या. वहीत गुणाकार केला. शिवणीची लांबी शंभर मीटरच्या वर जाते, टाके सात हजारांवर. मावशींना सांगितलं. त्यांना आकड्यात रस नाही. त्यांना दोऱ्याचं रीळ किती उरलंय ते बघायचंय.

उन्हं तिरकी झालीत, ओट्यावर निम्म्यापर्यंत आलीत. मावशी उन्हाबरोबर सरकतात, वाकळ नाही सरकवत. गुडघ्याखाली घडी घातलेलं पोतं. दर फेरीच्या कोपऱ्याला एकदा कमरेवर हात ठेवून मागं वाकतात. त्यांची फेरी माझ्या डोळ्यांदेखत पणजीच्या फेरीच्या उलट्या दिशेनं निघालीय. मधे आजीचे टाके आहेत, ते आता दिसत नाहीत.

निळ्या साडीवर पांढरा दोरा. लांबून बघितलं तर पावसाची बारीक रेघ.

संध्याकाळी ६.१०

तिसरी फेरी पुरी झाली. दिवे लागले की मावशी सुई धरत नाहीत. बल्ब आहे, पण बल्बखाली टाक्याची सावली टाक्यावरच पडते. सुया मोजल्या: सकाळी अकरा, आता दहा आणि दोन तुकडे. तुकडे पुडीत बांधून बाजूला. वाकळ गुंडाळली, घडी नाही घातली, कच्चे टाके तुटतात म्हणून. गुंडाळी आत पेटीवर ठेवली.

आज मावशींच्या हातात हजार आले. सातशे सुनेकडे गेले, दोनशे दुकानदाराला मागच्या उधारीचे. उरलेल्या शंभराची नोट त्यांनी कनवटीला लावली. मी आगाऊ पाचशे देऊ केले, त्यांनी तीनशे घेतले. जुनी वाकळ पोटात असेल तर दर बाराशे, हे सकाळीच सांगितलं होतं. अजून तीन दिवस लागतील.

निघताना पायरीपर्यंत आल्या.

"येताना शाळू आना चार दानं. तुमच्या घरचा."

रात्री ७.४०

बसस्टँडवरनं चुलत्यांना गावी फोन केला. जमीन आता तेच बघतात. शाळू हवा होता म्हटलं, मूठभर. ते हसले. गेली चार वर्षं त्यांनी शाळू केलेला नाही, सगळा ऊस आहे. घरी भाकरीला लागतो तोही विकतचाच.

स्टँडबाहेरच्या दुकानातनं पावकिलो घेतला. वीस रुपये.